कारखान्यातले वायफाय: अ‍ॅक्सेस पॉइंट बसवताना आणि सुरक्षित करताना

चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींतल्या वाचकांकडून दोन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला: "ऑफिसात चालणारा राउटर शेडमध्ये लावला की रडतो, असं का?" दुसरा: "महागडा इंडस्ट्रियल अ‍ॅक्सेस पॉइंट घेतला, आता सुरक्षेची काळजी मिटली ना?"

पहिल्याचे उत्तर लोखंडात आणि अँटेनाच्या जागेत आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. इंडस्ट्रियल हा शब्द उष्णता, धूळ, हादरे आणि २४ व्होल्टच्या पुरवठ्याबद्दल सांगतो, पासवर्डबद्दल काहीच सांगत नाही. ज्या दिवशी तुम्ही पीएलसीच्या नेटवर्कला अ‍ॅक्सेस पॉइंट जोडता, त्या दिवसापासून कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभा असलेला माणूसही तुमच्या पॅनेलपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करू शकतो. त्यामुळे आत कोण येऊ शकतो आणि किल्ल्या कुणाकडे आहेत, हे मालक म्हणून तुम्हाला स्वतःला माहीत असलेच पाहिजे. ते व्हेंडरवर सोडू नका.

आधी ठरवा: वायफायवरून नेमके काय चालणार आहे?

स्टोअरमधला बारकोड स्कॅनर, मीटरचे रीडिंग, उत्पादनाची आकडेवारी ही कामे अर्धा सेकंद उशीर सहज सोसतात. इथे फार विचार नको, चांगला सिग्नल मिळाला की झाले.

यंत्राचे नियंत्रण वायफायवरून चालणार असेल, तर हिशेब बदलतो. ट्रान्स्फर ट्रॉली, एजीव्ही किंवा क्रेनवरचा रिमोट आयओ प्रोफिनेटवर असतो, असे समजा. अपडेटच्या वेळाचे केबलसाठी केलेले २ मिलिसेकंदाचे सेटिंग इंटिग्रेटर तसेच ठेवतो. वॉचडॉगचा मूळ आकडा सहसा ३ असतो. म्हणजे सलग ३ वेळा माहिती आली नाही, अवघे ६ मिलिसेकंद गेले, की पीएलसी संपर्क तुटल्याचे जाहीर करतो आणि लाइन थांबते. एवढ्या वेळात माहिती दरवेळी पोहोचेल याची खात्री कोणतेही वायफाय देऊ शकत नाही. अपडेटचा वेळ ३२ किंवा ६४ मिलिसेकंद करून पाहा. यंत्राला ते चालते का, हे मात्र यंत्र बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. 'वायफाय सारखे तुटते' ही तक्रार आली, की अ‍ॅक्सेस पॉइंट बदलण्याआधी हा आकडा तपासा.

तिसरा प्रकार सुरक्षेचा. आपत्कालीन थांबा बटण साध्या वायफायच्या भरवशावर कधीही ठेवू नका. सेफ्टी प्रमाणित प्रोटोकॉल वायरलेसवर चालतात. संपर्क तुटला की ते यंत्र सुरक्षितपणे थांबवतात. पण सिग्नल कच्चा असेल तर यंत्र दिवसभर थांबत राहते, आणि वैतागलेला ऑपरेटर मग ती सेफ्टीच बायपास करतो. खरा धोका तिथे आहे.

खरेदी करताना

- पॅनेलमध्ये डिन रेलवर बसवायचा असेल तर आयपी३० पुरतो. उघड्यावर, पाणी-कूलंट उडणाऱ्या जागी आयपी६५ किंवा आयपी६७ घ्या.
- पत्र्याखाली मे महिन्यात काय तापमान असते ते छतापाशी मोजा आणि मगच स्पेसिफिकेशन वाचा.
- डब्ल्यूपीए३, ८०२.१एक्स, व्हीएलएएन आणि सिसलॉग या चारही गोष्टी आहेत का ते विचारा.
- निर्माता फर्मवेअर अपडेट अजून देतो का आणि किती वर्षे देणार आहे, हे लेखी मागा. बंद झालेले मॉडेल स्वस्तात मिळते, पण त्यातली भोके कुणी बुजवत नाही.
- दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता आहे का ते पाहा. परदेशातून आलेल्या यंत्राच्या पॅनेलमध्ये आधीच बसवलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटबद्दलही हे विचारा. तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

जागा आणि अँटेना: निम्मे यश इथेच

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लोखंडी पॅनेलमध्ये आणि त्याच्या अँटेनाच्या काड्याही आतच. बंद लोखंडी पेटी रेडिओ लहरी अडवते. पॅनेलमध्ये बसवायचाच असेल तर अँटेना केबलने बाहेर काढा. ती केबल जितकी लांब, तितका सिग्नल तिच्यातच खर्च होतो, म्हणून मीटरभर केबलीत काम भागेल अशी जागा निवडा. न वापरलेल्या अँटेना पोर्टवर ५० ओहमचे टर्मिनेटर लावा आणि ते पोर्ट सेटिंगमध्येही बंद करा.

नेहमीची काडीसारखी अँटेना आडव्या दिशेने चांगली पसरते, बरोबर खाली आणि वर मात्र दुबळी असते. दहा-बारा मीटर उंच छताला जास्त गेनची काडी टांगली, की दूरच्या भिंतीपाशी सिग्नल भरपूर आणि खाली उभ्या असलेल्या यंत्राला काहीच नाही, असे होते. उंच शेडमध्ये खाली रोखलेली पॅच अँटेना बरी. रस्त्याकडेच्या भिंतीवर दिशात्मक अँटेना लावून तिचे तोंड आत वळवा. आत सिग्नल सुधारतो आणि बाहेर कमी गळतो.

वेल्डिंग आणि व्हीएफडीच्या आवाजाबद्दल बरीच भीती असते. त्यांचा गोंगाट मुख्यतः बऱ्याच खालच्या वारंवारितेवर असतो. तो २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झला हवेतून फारसा त्रास देत नाही, पण पुरवठ्याच्या तारांतून आणि इथरनेट केबलमधून आत शिरतो. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटला वेगळा, चांगला २४ व्होल्टचा एसएमपीएस द्या, केबल शिल्डेड घ्या, मोटरच्या केबलच्या ट्रेमधून ती ओढू नका आणि अर्थिंग तपासून घ्या. पीओईवर चालवत असाल तर स्विचपासून एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. छपरावर अँटेना असेल तर वीजरोधक हवाच.

सर्वेक्षण कधी करायचे यावरही बोलले पाहिजे. बसवण्याचे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. पिंपरी-चिंचवड, चाकणकडे तो गुरुवार. सिग्नल मात्र चालू शिफ्टमध्ये मोजा. सुट्टीच्या दिवशी रॅक रिकामे असतात आणि क्रेन एका कोपऱ्यात उभी असते. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या कॉइल आल्या, क्रेन मध्ये आली की सगळे चित्र बदलते. जिथे यंत्र किंवा स्कॅनर प्रत्यक्ष वापरला जातो तिथे, त्याच उंचीवर, उणे ६५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला सिग्नल मिळायला हवा. उणे ७५ दिसत असेल तर जागा बदला.

पॉवर पूर्ण वाढवून ठेवण्याचा मोह आवरा. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज स्कॅनरपर्यंत जातो, पण स्कॅनरचा लहानसा ट्रान्समीटर परत पोहोचत नाही. पडद्यावर काड्या पूर्ण दिसतात आणि काम अडते. वर सिग्नल शेजारच्या प्लॉटपर्यंत जातो तो वेगळाच.

बँड, चॅनेल आणि कायदा

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरा: १, ६ आणि ११. त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि कँटीनचा मायक्रोवेव्ह हे सगळे याच बँडमध्ये. शक्य असेल तिथे नियंत्रणाचे काम ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. रुंद चॅनेलचा वेग सिनेमा बघायला उपयोगी, पीएलसीला नाही.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यांवर अ‍ॅक्सेस पॉइंट सुरू होताना आधी किमान मिनिटभर कानोसा घेतो, आणि चालू असताना रडारसारखा सिग्नल जाणवला की चॅनेल सोडून जातो. फिरत्या ट्रॉलीला आणि क्रेनला हे परवडत नाही. त्यांच्यासाठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ मधले चॅनेल निवडा आणि 'ऑटो' बंद करा.

भारतात या दोन्ही बँडना परवाना लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचा ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये घरात आणि उघड्यावर दोन्हीकडे खुला झाला. २.४ गिगाहर्ट्झवर ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट आणि अँटेनाचा गेन धरून ४ वॅट आहे. मोठी अँटेना लावलीत तर पॉवर कमी करावी लागते. सेटिंगमध्ये देश 'भारत' निवडा. 'दुसरा देश टाकला की जास्त पॉवर मिळते' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खुल्या बँडची दुसरी बाजूही समजून घ्या. इथे कुणालाही संरक्षण नाही. शेजारच्या कारखान्याने तुमचाच चॅनेल वापरला तर त्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. सरळ जाऊन बोला आणि चॅनेल वाटून घ्या, बहुतेक वेळा काम होते. जॅमर लावणे मात्र बेकायदेशीर आहे, मग ते 'कामगारांनी मोबाइल वापरू नये' म्हणून का असेना.

वर टांगण्याआधी टेबलावर करायची कामे

एकदा छताला लावला की शिडी आणावी लागते, आणि 'नंतर बघू' म्हटलेले राहून जाते. म्हणून हे सगळे टेबलावर, केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर उरका:

१. निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ताजे फर्मवेअर घ्या. व्हेंडरच्या पेनड्राइव्हमधले नको.
२. अ‍ॅडमिनचे मूळ नाव आणि पासवर्ड बदला. मूळ पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, म्हणजे जगजाहीर.
३. टेलनेट आणि साधे एचटीटीपी बंद करा, एसएसएच आणि एचटीटीपीएस ठेवा.
४. एसएनएमपी लागत नसेल तर बंद करा. लागत असेल तर तिसरी आवृत्ती वापरा. जुन्या आवृत्तीत 'पब्लिक' हा शब्द माहीत असला की दार उघडते.
५. डब्ल्यूपीएस बंद. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे सुमारे ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ पासून ठाऊक आहे.
६. अ‍ॅडमिनचे पान वायफायवरून उघडणार नाही, फक्त ठरलेल्या केबलवरच्या संगणकावरून उघडेल, असे करा.
७. रिकामा इथरनेट पोर्ट बंद करा. रीसेटचे बटण कुणाच्या हाताला लागणार नाही अशी जागा द्या किंवा पॅनेलला कुलूप लावा. पाच-दहा सेकंद बटण दाबले की वरचे सगळे पुसले जाते.
८. वेळ एनटीपी सर्व्हरशी जुळवा.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो सोडू नका. वीज गेल्यावर उपकरणाचे घड्याळ मागे गेले तर लॉगमधल्या वेळा निरुपयोगी होतात, आणि प्रमाणपत्रावर चालणारी जोडणी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते. सकाळी पहिल्या शिफ्टला कुणालाच कारण सापडत नाही.

वायफायचा पासवर्ड: कोणता आणि कुणाकडे?

डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी निवडूच नका. ते फोडता येतात, शिवाय त्यांच्यामुळे वेगही ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. सगळी उपकरणे नवी असतील तर डब्ल्यूपीए३. जुने स्कॅनर आणि एचएमआय फक्त डब्ल्यूपीए२ जाणत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे नाव देऊन वेगळे नेटवर्क करा, सगळ्यांना खाली ओढू नका.

डब्ल्यूपीए२ मध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. उपकरण जोडले जाताना होणारी देवाणघेवाण रस्त्यावर गाडीत बसूनही टिपता येते. मग घरी नेऊन, तुमच्या नेटवर्कला पुन्हा हात न लावता, लाखो पासवर्ड ताडून पाहता येतात. कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड त्यात टिकत नाही. मर्यादा ६३ अक्षरांची आहे. किमान २० अक्षरे, कशाशीही संबंध नसलेली. रोज टाइप करायचा नसतोच, एकदाच भरायचा असतो. ८०२.११डब्ल्यू म्हणजे मॅनेजमेंट फ्रेमचे संरक्षण उपकरणांना चालत असेल तर 'आवश्यक' करा. ते नसेल तर कुणीही खोटा संदेश पाठवून तुमची ट्रॉली नेटवर्कवरून उतरवू शकतो.

एकच पासवर्ड सगळ्यांना, ही सोय पंधरा-वीस उपकरणांपर्यंत ठीक. पुढे ८०२.१एक्स आणि प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र प्रमाणपत्र, याकडे वळा. एक स्कॅनर हरवला तर त्याचेच प्रमाणपत्र रद्द करायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आता 'कुणाकडे' हा प्रश्न. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मरूची शायरमध्ये २००० साली मैलापाण्याची पंपिंग स्टेशने रेडिओवरून चालत होती. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एका माणसाने नोकरी सोडली, नगरपालिकेने त्याला कामावर घेण्यास नकार दिला. त्याने गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ ठेवून पंपांना खोटे आदेश पाठवले. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, उद्यानांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेले. २००१ मध्ये त्याला २ वर्षांची शिक्षा झाली. त्याला काहीही फोडावे लागले नव्हते. यंत्रणा कशी चालते हे त्याला आधीच माहीत होते.

तुमच्याकडे कमिशनिंगच्या वेळी आलेल्या इंजिनिअरच्या मोबाइलमध्ये तुमचा पासवर्ड आजही आहे का? पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तो मार्करने लिहिला आहे का? मेंटेनन्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल पडली आहे का? काही उत्पादनांच्या या फाइलमधून पासवर्ड वाचता येतो. हँडओव्हर झाल्याच्या दिवशी, एएमसीवाला बदलला की आणि मेंटेनन्सचा माणूस नोकरी सोडून गेला की, पासवर्ड बदला.

आत आलेला माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो?

मॉडबस टीसीपीमध्ये पासवर्ड असा प्रकारच नाही. पोर्ट ५०२ पर्यंत जो पोहोचला, त्याने दिलेला आदेश पीएलसी मानतो. म्हणून वायफायचा पासवर्ड हा एकमेव अडसर असता कामा नये. आयईसी ६२४४३ हे मानक नेटवर्कचे विभाग पाडायला आणि त्यांच्यातली वाट मोजकी ठेवायला सांगते. लहान कारखान्यासाठी त्याचा अर्थ इतकाच:

- ऑफिस, यंत्रांचे वायफाय आणि पाहुण्यांचे वायफाय यांना वेगवेगळे व्हीएलएएन.
- यंत्रांच्या वायफाय आणि पीएलसी यांच्या मध्ये फायरवॉल. त्यात मुळात सगळे बंद, मग गरजेपुरते उघडे. उदाहरणार्थ, या एचएमआयच्या पत्त्यावरून त्या पीएलसीच्या पोर्ट ५०२ ला परवानगी, बाकी काही नाही.
- वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलायची गरज नसेल तर क्लायंट आयसोलेशन चालू.

कामगारांच्या मोबाइलला नेट हवे असते आणि ती गरज खरी आहे. वेगळे पाहुण्यांचे नेटवर्क देऊन ती भागवा. नुसते 'नाही' म्हटले तर कुणीतरी यंत्राच्या स्विचला घरचा राउटर जोडतो, आणि वर केलेले सगळे वाया जाते. असे चोरून लावलेले राउटर, तसेच यंत्राच्या व्हेंडरने दुरून सर्व्हिस देण्यासाठी पॅनेलमध्ये ठेवलेला सिमवाला राउटर, हे शोधायला दर तिमाहीला एक फेरी मारा. प्रत्येक पॅनेल उघडून पाहा.

नेटवर्कचे नाव लपवले की सुरक्षित, हा समज सोडा. तुमची उपकरणेच ते नाव हवेत पुकारत असतात. मॅक पत्त्यांची यादी लावली तरी ते पत्ते उघडे प्रवास करतात आणि नक्कल करता येतात. यादी ठेवायला हरकत नाही, फक्त तिच्यावर विसंबू नका.

व्हेंडरकडून काय मागून घ्यायचे

व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायद्याच्या 'ग्राहक' व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाच त्यात सूट आहे. त्यामुळे तुमचा मुख्य आधार म्हणजे पर्चेस ऑर्डरमध्ये जे लिहिले असेल ते. पुढील गोष्टी लिहून घ्या आणि त्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका:

- सर्व अ‍ॅडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनची बॅकअप आणि व्हीएलएएन व आयपी पत्त्यांचा तक्ता.
- चालू शिफ्टमध्ये केलेल्या सिग्नल सर्वेक्षणाचा अहवाल.
- क्लाउडवरून चालणारे उत्पादन असेल तर खाते कंपनीच्या ईमेलवर. व्हेंडरच्या खासगी खात्यावर मुळीच नको.
- दुरून जोडणी फक्त तुम्ही सुरू केल्यावर, काम संपले की बंद.

घुसखोरीचा संशय आला तर

अ‍ॅक्सेस पॉइंट रीसेट करू नका, वीजही काढू नका. त्याच्या स्मृतीतले लॉग रीस्टार्ट होताच जातात. स्विचकडून येणारी त्याची इथरनेट केबल काढा, म्हणजे पीएलसीशी संबंध तुटतो. पीओईवर चालत असेल तर केबल काढताच तो बंद पडेल, तिथे स्विचमधून त्या पोर्टचा व्हीएलएएन बदला. यंत्रे हाताने सुरक्षित स्थितीत आणा. मग लॉगची प्रत घ्या आणि पीएलसीचा प्रोग्रॅम तुमच्याकडच्या मूळ प्रतीशी ताडून पाहा.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. औद्योगिक नियंत्रण यंत्रणा आणि वायरलेस नेटवर्कवरचे हल्ले कळवायच्या घटनांच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. लहान व मध्यम उद्योगांना दिलेली मुदतवाढही २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. म्हणून सिसलॉगने लॉग एका वेगळ्या संगणकावर साठवण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. सर्ट-इनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. अनधिकृत प्रवेश हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतो, त्यामुळे पोलिसांत तक्रार करता येते. पैशांची फसवणूकही झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रारीसोबत लॉगची प्रत, अ‍ॅक्सेस पॉइंटचा अनुक्रमांक आणि त्या वेळी शिफ्टवर असलेल्यांची यादी द्या.